खुलताबाद : घृष्णेश्वराच्या वाटेवरचे दर्गे

उज्जैनच्या मराठी कुटुंबांना महाकाल घरचा आणि ओंकारेश्वर शेजारचा. त्यानंतर पुष्कळांची यात्रा घडते ती वेरुळच्या घृष्णेश्वराची. नानाखेड्याहून इंदूर, मग सेंधवा, धुळे, चाळीसगाव आणि कन्नडचा घाट असा रस्ता सरळ वेरुळापर्यंत नेतो. देवदर्शन होते, लेणी पाहून होतात, आणि मंडळी देवगिरीच्या किल्ल्याकडे निघतात. वेरुळपासून चार-पाच किलोमीटरवर, डोंगर चढून गेल्यावर, जुन्या तटाचे एक गाव लागते. ड्रायव्हर सांगतो, "औरंगजेब की कब्र यहीं है." कोणी उतरतात, कोणी गाडीतच बसून राहतात.

हे गाव म्हणजे खुलताबाद, किंवा खुल्दाबाद. दख्खनमधील मुसलमानांच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत मान्य पवित्र स्थानांपैकी हे एक. औरंगजेब इथे पुरला गेला १७०७ साली. त्याच्या आधी जवळजवळ चारशे वर्षे हे ठिकाण संतांचे म्हणून ओळखले जात होते आणि तो इथे आला तो त्याच कारणाने. अलीकडे या गावाचे नाव निघाले की एकाच कबरीची चर्चा होते, म्हणून बाकीची माहिती आपल्या वाचकांसाठी इथे एकत्र देत आहोत.

दर्ग्याला महत्त्व कशाने येते

इस्लाममध्ये फर्ज म्हणजे अनिवार्य अशी यात्रा एकच, मक्केची हज. तीही ज्याला झेपेल त्याने आयुष्यात एकदा. मदिनेला पैगंबरांचा रौझा आहे, तिथे बहुतेक हाजी जातात. दर्ग्याला जाणे या अनिवार्य गोष्टींत बसत नाही. ते श्रद्धेचे, जिव्हाळ्याचे काम आहे आणि त्याला 'जियारत' म्हणतात. मुसलमानांमध्येच एक मोठा वर्ग असा आहे की ज्याला कबरीपुढे नवस बोलणे, चादर चढवणे मान्य नाही. मागणे फक्त अल्लाहपाशी मागावे असे ते म्हणतात. दर्ग्याला जाणारे उत्तर देतात की आम्हीही अल्लाहपाशीच मागतो, संताला फक्त शब्द टाकायला सांगतो. हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय दर्ग्याविषयी बोलू नये असे आम्हाला वाटते.

'दर्गाह' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ उंबरठा किंवा दरबार. 'उरूस' या शब्दाचे मूळ लग्नसमारंभात आहे. संताचा मृत्यू म्हणजे प्रियतमाशी झालेले मीलन, म्हणून पुण्यतिथीला शोक नसतो, संदल निघतो, गलेफ चढतो, कव्वाली होते. आपल्याकडच्या समाधिसोहळ्याची आठवण यावी असेच हे आहे. आळंदीला कोणी ज्ञानदेव 'वारले' असे म्हणत नाही.

खुलताबादचे संत चिश्ती परंपरेतले. अजमेरचे ख्वाजा मोईनुद्दीन, दिल्लीचे कुत्बुद्दीन बख्तियार काकी, पाकपट्टणचे बाबा फरीद आणि दिल्लीचे निजामुद्दीन औलिया ही या परंपरेची भारतातील पहिली चार मोठी नावे. निजामुद्दीन १३२५ साली वारले, पण त्याआधीच त्यांचे शिष्य दूरदूर पांगले होते. आपल्या मालव्यातही ते आले: चंदेरीला वजीहुद्दीन युसुफ, धारला कमालुद्दीन, उज्जैनीत मौलाना मुगीसुद्दीन. दख्खनला जे गेले त्यांची ही हकीकत.

जर जरी जर बक्ष

पहिले आले मुंतजबुद्दीन. लोक त्यांना 'जर जरी जर बक्ष' या नावाने ओळखतात, म्हणजे सोने वाटून टाकणारा. कथा अशी सांगतात की त्यांना रोज आकाशातून जरीचे वस्त्र मिळे आणि ते विकून आलेला पैसा संध्याकाळपर्यंत गोरगरिबांत संपे. त्यांच्याबरोबर सातशे शिष्य आले असेही सांगितले जाते. ते १३०९ साली वारले. ही तारीख लक्षात घेण्यासारखी आहे, कारण तेव्हा देवगिरीच्या गादीवर अजून रामदेवराव यादव होता. अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी १२९६ साली होऊन गेली होती, यादव खंडणी देत होते, पण राज्य त्यांचेच होते. म्हणजे हा फकीर यादवांच्या राजधानीच्या डोंगरावर, त्यांच्याच राज्यात राहिला आणि तिथेच मातीत गेला.

त्यांच्या दर्ग्यात पोलादाचा एक गोल आरसा आहे, उंच पोलादी बैठकीवर बसवलेला. तो गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहने दिला असे सांगतात. हा शेवटचा कुतुबशहा पुढे औरंगजेबाच्या कैदेत देवगिरीच्या किल्ल्यावर राहिला आणि त्याची कबरही खुलताबादलाच आहे. ज्याने कैद केले तो बादशहा आणि ज्याला कैद केले तो सुलतान, दोघे एकाच गावात.

बुऱ्हानुद्दीन गरीब

मुंतजबुद्दीनांचे बंधू बुऱ्हानुद्दीन हे या स्थानाचे खरे संस्थापक म्हणावे लागतील. दिल्लीत निजामुद्दीनांच्या खानकाहमध्ये स्वयंपाकघराची देखरेख त्यांच्याकडे होती. त्यांच्याविषयीची एक गोष्ट जुन्या चरित्रग्रंथात आहे. म्हातारपणामुळे जमिनीवर बसणे त्यांना जड जाई, म्हणून ते घोंगडी दुहेरी घालून बसत. कोणी तरी गुरूंच्या कानावर घातले की बुऱ्हानुद्दीन आता शेख झाल्यासारखे आसनावर बसतात. निजामुद्दीन रागावले, बोलणे बंद केले, बुऱ्हानुद्दीनांना जमातखान्यातून उठून जावे लागले. शेवटी कवी अमीर खुसरौ गळ्यात पागोटे अडकवून गुरूंपुढे उभे राहिले आणि त्यांनी रदबदली केली, तेव्हा माफी मिळाली. दुहेरी घोंगडी एवढाच अपराध! यावरून त्या मंडळींचा साधेपणाचा दंडक किती कडक होता ते कळते.

१३२७ साली मुहंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीतील उमराव, विद्वान, सूफी यांना तिकडे हलवले. शाळेत आपण तुघलकाच्या या लहरीला हसलो, पण तिचा एक परिणाम कायमचा झाला. राजधानी परत गेली तरी बुऱ्हानुद्दीन आणि त्यांच्याबरोबरचे पुष्कळ लोक इथेच राहिले. त्यांच्यात कवी अमीर हसन सिज्जी होते. निजामुद्दीनांच्या बैठकींतील बोलणे टिपून त्यांनी 'फवाइद-उल-फुआद' हा ग्रंथ केला. सूफींच्या संभाषणांचा तो नमुनाच मानला जातो. त्यांची कबर खुलताबादला आहे. गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराज लहानपणी वडिलांबरोबर इथे आले होते आणि त्या वडिलांची कबरही इथेच आहे.

बुऱ्हानुद्दीनांना समा, म्हणजे भक्तिसंगीताची बैठक, अतिशय प्रिय होती. त्यांच्या भावावस्थेतील नृत्याची एक वेगळी धाटणी होती, तिच्यावरून त्यांच्या शिष्यांना 'बुऱ्हानी' म्हणत. त्यांचे बोलणेही शिष्यांनी लिहून ठेवले. 'नफाइस-उल-अन्फास' आणि 'अहसन-उल-अक्वाल' हे दोन ग्रंथ त्यातलेच. ते १३३७ साली वारले. पंढरपुरात तेव्हा संत नामदेव हयात होते. एका बाजूला टाळ-मृदंग, दुसऱ्या बाजूला समा. मध्ये अंतर फार नाही, पण दोघांची भेट झाल्याची नोंद कुठे सापडत नाही.

चांदीचे अंकुर

गुरू गेल्यावर दर्ग्याचा खर्च कसा चालावा, हा प्रश्न शिष्यांपुढे आला. लोककथा सांगते की दर्ग्याच्या फरसबंद अंगणात रात्री चांदीची रोपे उगवू लागली. सकाळी ती तोडून विकायची आणि त्यावर यात्रेकरूंचे अन्न, दिवाबत्ती चालवायची. पुढे दर्ग्याला इनाम गावे मिळाली आणि रोपे उगवायची थांबली. अंगणातल्या फरशीवर चांदीचे बारीक अंकुर दिसतात म्हणून सेवेकरी आजही दाखवतात.

आमचे उभे आयुष्य बँकेत खातेवह्या पाहण्यात गेले, त्यामुळे ही कथा आम्हाला फार आवडते. चमत्कार तिच्यात आहेच, पण हिशेबही चोख आहे. नियमित उत्पन्न सुरू झाले त्या दिवशी तातडीची मदत बंद! दर्ग्यांची इनामे, मंदिरांची इनामे, मठांची इनामे यांचा कारभार मध्ययुगात सारखाच चाले आणि राज्यकर्ता कोणत्याही धर्माचा असला तरी चालू इनाम सहसा मोडत नसे.

झैनुद्दीन आणि पैगंबरांचा अंगरखा

बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन दाऊद. जन्म शिराझचा, शिक्षण कडक, पंडिती वृत्ती. सुरुवातीला त्यांना समा पसंत नव्हता, आणि तेच पुढे बुऱ्हानुद्दीनांचे पट्टशिष्य झाले. बहामनी सुलतान पहिला मुहंमदशहा मद्य पितो म्हणून त्यांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. सुलतानाने दौलताबाद सोडून जाण्याचा हुकूम काढला. झैनुद्दीन खांद्यावर मुसल्ला टाकून गुरूंच्या दर्ग्यात गेले, काठी जमिनीत रोवली, मुसल्ला अंथरला आणि म्हणाले की इथून मला उठवणारा कोण आहे तो येऊ द्या. सुलतान नरमला, त्याने राज्यातील दारूची दुकाने बंद करायचे कबूल केले. फरिश्त्याने ही हकीकत दिली आहे.

झैनुद्दीन १३६९ साली वारले. आपल्यामागे गादी चालवण्यासाठी त्यांनी कोणाला नेमले नाही. त्यांच्या दर्ग्याला 'बाईस ख्वाजा' म्हणतात, म्हणजे परंपरेतील बाविसावे आणि इथले शेवटचे. म्हणूनच, खुलताबादची श्रद्धा सांगते, गुरूकडून शिष्याकडे येत गेलेला पैगंबरांचा अंगरखा त्यांच्यापाशी थांबला आणि दर्ग्यातच राहिला. या अंगरख्याला 'पैराहन-ए-मुबारक' म्हणतात. वर्षातून एकदा, पैगंबरांच्या जन्मदिवशी म्हणजे रबिलावलच्या १२ तारखेला, तो भाविकांना दाखवतात. बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात पैगंबरांचा केस जतन केलेला आहे. त्याचेही दर्शन त्याच सुमारास होते. जर जरी जर बक्ष यांचा उरूसही याच महिन्यात येतो, त्यामुळे त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते.

दिल्लीची परंपरा थोडी वेगळी आहे. निजामुद्दीनांनी आपल्या गुरुपरंपरेच्या वस्तू नसीरुद्दीन चिराग-ए-देहली यांना दिल्या आणि नसीरुद्दीनांनी त्या आपल्याबरोबर पुरायला लावल्या, असे तिकडे मानतात. अशा पवित्र वस्तूंच्या बाबतीत एकाहून अधिक परंपरा असणे जगभर दिसते. भाविकाच्या दृष्टीने त्याने काही कमी होत नाही.

बुऱ्हाणपूर हे नाव कसे पडले

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक बुऱ्हाणपूरला आहेत. त्या गावाचे नाव खुलताबादच्या या बुऱ्हानुद्दीनांवरून पडले. खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा हा झैनुद्दीनांचा शिष्य मानला जातो. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतल्यावर तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्या काठावर झैनाबाद वसवले. एक नाव गुरूचे, एक शिष्याचे. फरिश्ता म्हणतो की झैनुद्दीन स्वतः नसीर खानाच्या अभिनंदनाला आले होते; पण नसीर खान गादीवर आला १३९९ साली, झैनुद्दीन त्याआधी तीस वर्षे वारलेले. गोष्ट गोड आहे, तारखा जुळत नाहीत. नाव मात्र पक्के, आणि फारुकी सुलतानांनी खुलताबादच्या दर्ग्यांना दिलेला आश्रयही पक्का.

पुढे हैदराबादचा पहिला निजाम-उल-मुल्क आसफजाह १७४८ साली बुऱ्हाणपूर इथेच वारला आणि त्याला खुलताबादला आणून बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. संताच्या पायाशी जागा मिळावी ही त्या काळच्या मोठ्या लोकांची शेवटची इच्छा असे. निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर १६२६ साली गेला, त्याचा मकबराही याच गावात आहे.

औरंगजेबाची कबर

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला. त्याला झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. मरणोत्तर त्याला 'खुल्द-मकान', म्हणजे स्वर्गनिवासी, ही पदवी मिळाली आणि तिच्यावरून गाव खुल्दाबाद झाले. त्याआधी गावाला नुसते 'रौझा' म्हणत. गावाभोवतीचा सात दरवाजांचा तटही त्याचाच.

कबर उघड्यावर, मातीची, वर सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची. लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाने ती बसवली. तिथले लोक सांगतात की बादशहाने टोप्या शिवून मिळवलेल्या १४ रुपये १२ आण्यांत ही कबर झाली. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात आकडा वेगळा आहे: टोप्यांचे ४ रुपये २ आणे कफनासाठी, आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटण्यासाठी. सांगताना आकडे वाढतात हे आम्ही काउंटरवर बसूनही शिकलो आहोत.

औरंगजेबाविषयी मराठी माणसाच्या मनात काय आहे ते इथे सांगण्याची गरज नाही. ११ मार्च १६८९ हा दिवस आपण विसरलेलो नाही आणि विसरूही नये. २०२५ च्या मार्चमध्ये ही कबर काढून टाकण्याच्या मागणीवरून वाद पेटला, नागपुरात दंगल झाली, खुलताबादला पोलिसांचा पहारा बसला. कबर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा तिचे काय करायचे ते कायदा पाहील. आमचे म्हणणे एवढेच की त्या रागाची झळ बुऱ्हानुद्दीन, झैनुद्दीन आणि मुंतजबुद्दीन यांना लागू नये. ते औरंगजेबाचे कोणी लागत नव्हते. बादशहा त्यांच्या दारी आला, ते बादशहाच्या दारी गेले नाहीत. झैनुद्दीनांनी तर सुलतानाला समोर उभे राहून नाही म्हटले होते.

आणखी एक नोंद. शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या छावणीतून आपल्याच मालव्यात सुटले. दक्षिणेत जाताना त्यांनी खुलताबादला थांबून औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतल्याचे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. वडिलांना ठार मारणाऱ्याच्या कबरीपाशी ते काय मनात घेऊन उभे राहिले असतील याचा विचार ज्याने त्याने करावा.

मराठी घरे आणि सूफी

वेरुळ ही भोसल्यांची पाटीलकी. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, आणि त्याच मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. देवगिरीवर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी राहत. त्यांचे गुरू चांद बोधले, ज्यांची समाधी दर्ग्याच्या रूपात आहे. उज्जैन ज्यांची राजधानी होती त्या शिंद्यांपैकी महादजी बीडच्या मन्सूर शाह यांना गुरू मानत. ग्वाल्हेरच्या गोरखीत त्यांचे स्थान आहे आणि शिंदे घराण्यातील मंडळी तिथल्या उरुसाला आजही हजर राहतात. घृष्णेश्वराचे आजचे मंदिर होळकरांच्या घराण्यातील स्त्रियांनी, गौतमाबाई आणि अहिल्याबाई यांनी, उभे केले. महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. पीराला मान देणारी आणि ज्योतिर्लिंगे पुन्हा उभारणारी माणसे एकाच समाजातली होती आणि त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हते.

पाहायला जाणाऱ्यांसाठी

घृष्णेश्वराचे दर्शन सकाळी उरकले तर खुलताबादला दोन तास सहज देता येतात. आधी मुख्य रस्त्यालगतच्या दोन दर्ग्यांत जावे: एका बाजूला झैनुद्दीन, ज्यांच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, आणि समोर बुऱ्हानुद्दीन, ज्यांच्या दारावर धातूच्या पत्र्यांत झाडाफुलांची नक्षी आहे. जर जरी जर बक्ष यांचा दर्गा आणि मलिक अंबरचा मकबरा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहेत, तिकडे गाडीने जावे. चपला बाहेर काढाव्या, डोके रुमालाने किंवा पदराने झाकावे. आतल्या दालनात कोणी कुठवर जायचे ते सेवेकऱ्यांना विचारून घ्यावे. ते नीट सांगतात. अंगरख्याचे दर्शन हवे असेल तर हिजरी पंचांग पाहून निघावे, कारण ती तारीख दरवर्षी आपल्या कॅलेंडरात दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते.

गावातच भद्रा मारुती आहे, निजलेल्या मुद्रेतला. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला संभाजीनगराहून लोक रात्रभर पायी चालत येतात. त्या दिवसांत रस्त्यावर वाहनांना अडचण होते, तेव्हा पहाटेच निघालेले बरे.